अळणी चातुर्मास

कांदेनवमीच्या दिवशी आमच्या घरात पाऊल टाकायला धाडस लागतं. कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, कांदेभात, आणि तोंडी लावायला पुन्हा कांदाच. एकादशीपासून चातुर्मास, म्हणजे कांदा-लसूण-वांगं चार महिने बंद. म्हणून त्याआधी एकदा पोटभर सूड उगवून घ्यायचा. अयोध्या नगर कॉलनीतल्या आमच्या हिंदीभाषक गल्लीत हा सण एकट्या आमच्या घरी. बाकीच्यांच्या वाट्याला नुसता वास येतो. शेजारचे वर्माजी तेवढे त्या वासाचा माग काढत दरवर्षी आत येतात. ते नि माझे आजोबा कारखान्यात एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच विभागात होते, त्यामुळे त्यांना बोलावणं लागत नाही.

"प्याज का भी त्योहार!" यंदाही ते खुर्ची ओढत म्हणाले. "तुम मराठी लोग कमाल हो. पहले ठूँस-ठूँसकर खाओ, फिर चार महीने नाम मत लो."

"त्याग भी भरे पेट से करना चाहिए, वर्माजी," नाना म्हणाले. नाना म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या बशीत दोन भजी होती. त्यातलं एक त्यांनी मोडून, चिवडून, बशीच्या कडेला सारून ठेवलं होतं. मग त्यांनी बोटं पुसली, माझ्याकडे वळले आणि अगदी सहज विचारलं, "मग काय पत्रकवाली, यंदा काय सोडू?"

ओट्याशी उभ्या असलेल्या आईचा झारा कढईतच थांबला. तेल तडतडत राहिलं. मला गेल्या वर्षीचे चारही महिने, आषाढापासून कार्तिकापर्यंत, एकदम अंगावर आल्यासारखे वाटले.

पत्रकवाली, कारण मी पत्रकं लिहिते. आमचा एक लहानसा गट आहे. बरखेड्याच्या क्वार्टरांपासून बाग सेवनियाच्या कॉलन्यांपर्यंत आम्ही दारोदार फिरतो आणि साठी ओलांडलेल्या माणसांना एकच प्रश्न विचारतो: आज काय जेवलात? दार किलकिलं होतं, आतून टीव्हीचा आवाज येतो, आणि उत्तर येतं, "अब इस उमर में क्या खाना, बेटा." चहात बुडवलेला टोस्ट. सकाळची अर्धी पोळी. उपास असेल तर साबुदाणा, आणि उपास आठवड्यातून दोनदा. या उत्तराचा मला संताप येतो. ज्या वयात मांस झडतं, हाडं ठिसूळ होतात, पडलं की मोडतं, त्याच वयात डाळ, दूध, अंडं, मूठभर शेंगदाणे मन लावून खायला हवेत. आणि नेमक्या त्याच वयात आपण माणसाच्या ताटातून एकेक वाटी उचलून घेतो. वर कौतुक सांगतो: "आमच्या बाबांचं काही नाही हो, अर्धी पोळी नि कपभर दूध." तान्हं मूल एक वेळ नीट प्यायलं नाही तर आपण घर डोक्यावर घेतो. म्हातारं माणूस जेवण अर्ध्यावर आणतं तेव्हा त्याला साधू ठरवतो.

हे सगळं मी पत्रकात लिहिते, चौकटीत, ठळक अक्षरात. गेल्या वर्षी हे साधुपण माझ्याच घरात शिरलं आणि मला कुठूनच बाहेर पडता आलं नाही.

सुरुवात माईपासून आहे. माई माझी आजी. कांदा-लसूण सगळेच सोडतात, त्यात काय मोठंसं, असं तिचं मत. ती दरवर्षी त्याच्यावर आणखी एक काहीतरी सोडायची आणि ते आवडतंच असावं लागे. एका वर्षी पेरू. एका वर्षी पानात दुसऱ्यांदा वाढून घेणं. एका वर्षी चहा. त्या वर्षी घरात कुणाचीच धडगत नव्हती. "नावडतं सोडलं तर देव हसतो," ती म्हणायची. कार्तिकी एकादशी झाली की सोडलेली वस्तू आधी कुणाला तरी दान द्यायची, मग स्वतः तोंडात घालायची. तिचा पेरू खातानाचा चेहरा मला अजून आठवतो. डोळे मिटून, बियांसकट.

तिचा शेवटचा नेम अळणीचा होता. चार महिने मिठाचा कण तोंडात घालायचा नाही. स्वयंपाक मात्र सगळ्यांचा तीच करायची, आणि आमच्यासाठी मीठ घालून, चव न बघता. हाताच्या अंदाजाने. भाद्रपदात गौरी जेवून गेल्या, घर आवरून झालं, आणि एका दुपारी ती बसल्या जागी गेली. हृदय तिचं आधीपासून दुखणाईत होतं. मिठाशी त्याचा काही संबंध नव्हता. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहिते आहे, कारण मला स्वतःला ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

नेम अर्धा राहिला.

पुढच्या कांदेनवमीला, म्हणजे गेल्या वर्षी, नानांनी पानावरून उठता उठता जाहीर केलं, "तिचं अळणी मी पुरं करतो. अगदी पहिल्यापासून. एकादशीला सुरू."

बाबा तेव्हा घरी होते. त्यांची बदली जबलपूरला, शनिवार-रविवारचेच ते आमचे. त्यांचे डोळे भरून आले. आई पानं उचलू लागली. संध्याकाळपर्यंत नागपूरचे काका, इंदूरची मावशी, सगळ्यांना बातमी गेली, आणि फोनवर जोडलेल्या हातांची चित्रं धो धो कोसळू लागली. 'धन्य ते नाना.' 'आजच्या काळात असं प्रेम नाही.' मी तेवढी एकटी रात्री त्यांच्या ताटाशी उभी राहून ओरडत होते.

"नाना, तुमची बीपीची गोळी लघवीवाटे आधीच मीठ बाहेर काढते. वरून तुम्ही आत घालणंच बंद करणार? डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही करायचं नाही."

नाना शांतपणे उठले. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली आमचं पत्रक होतं, ते काढलं. चष्मा लावला. शाळेतल्या मुलासारखं मोठ्याने वाचलं, "नमक कम करें." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "हे कुणी लिहिलंय?"

"मी. आणि कमी लिहिलंय. बंद नाही."

"कमीचा कुठे नेम असतो का, पोरी? देवाला काय सांगू, आज चिमूटभर कमी खाल्लं बाप्पा, सांभाळून घे? कमी म्हणजे किती? कोण बघणार? सोडलं की सोडलं."

मी पत्रक हिसकावून घेतलं, पण वाद तिथेच संपला होता. आम्ही 'कमी' हा शब्द किती विचार करून ठेवला होता. प्रमाणात, बेताने, थोडं थोडं. या शब्दांवर डॉक्टर जगतात, आम्ही पत्रकवाले जगतो. नेम करणारी माणसं मात्र 'बेताने'वर जगत नाहीत. त्यांना अन्न एकतर घ्यायचं ठाऊक असतं, नाहीतर सोडायचं. आयुष्यभर त्यांनी जेवणात जो काही बदल केला तो सोडूनच केला. त्यांच्या हातात आपण 'कमी करा'चा कागद देतो आणि ते हात जोडून म्हणतात, बरं, सोडलं. ही चूक छापखान्यात सापडत नाही. ती आमच्यासारख्या घरांत सापडते.

तर एका बाजूला माई, दुसऱ्या बाजूला माझंच पत्रक, आणि मध्ये नाना किल्ल्यात बसावं तसे बसले. आम्ही बाहेरून दगड मारत होतो. काही दिवसांनी लक्षात आलं की दरवाजे आमच्या मागेही बंद झालेत.

आई त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा बघितला, "नमक छोड़ दिया? बहुत बढ़िया, दादाजी, काश सब आपके जैसे होते," म्हणाले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. पानवाला पान बांधायलाही याहून जास्त वेळ घेतो. गोळी कुठली चालू आहे, दिवसभर पोटात काय जातं, काहीही विचारलं नाही. नाना रिक्षातून असे उतरले की जणू पदक मिळालं.

मीठ एकटं जात नाही. हे मला गेल्या वर्षीच कळलं, कुठल्याही पुस्तकात मी ते वाचलं नव्हतं. पापड-लोणचं गेलं ते जाणारच होतं. मग टोस्ट गेला, बिस्किट गेलं, कारण नाना पाकिटावरची बारीक अक्षरं भिंगाखाली धरून वाचत आणि मीठ सापडलं की विजयी मुद्रेने पाकीट परत देत. मग वरण गेलं. अळणी वरण घशाखाली उतरत नाही हो. लिंबू पिळून बघितलं, मग नुसतं चमच्याने ढवळून वाटी बाजूला. वरणामागून उसळ गेली, पिठलं गेलं, अंड्याची गोष्टच नको. ताटात उरलं काय? दूध-भात-साखर. पोळी नि गूळ. केळं. म्हणजे जे जे शरीर बांधतं ते सगळं उठून गेलं आणि जे गोड नि गिळगिळीत ते बसून राहिलं. आईने मिठाची जागा भरून काढायला स्वयंपाकघरातलं सगळं पणाला लावलं. आमसूल, आलं, जिऱ्याची फोडणी, भाजलेल्या तिळाचं कूट, कैरीची पूड.

"फर्स्ट क्लास झालंय गं," नाना म्हणत. वाटी तशीच.

शेवटी आईने हळूच विचारलं, "नाना, सैंधव चालेल ना? उपासाला चालतं."

"उपासाला चालतं. अळणीला नाही. अळणी म्हणजे अळणी, सूनबाई. तुझ्या सासूने सैंधव घातलं होतं?"

मग मी पुढची चाल केली. आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत, त्यांना घरी चहाला बोलावलं. त्यांनी नीट समजावलं, "नाना, शास्त्रात म्हाताऱ्याला सूट आहे. आजाऱ्याला आहे. तुम्ही पाणी सोडून संकल्प मोकळा करा, दोष नाही."

"सूट मला आहे," नाना म्हणाले. "तिला कुठे मिळाली?"

गुरुजींनी चहा संपवला आणि छत्री उचलली.

वर्माजींचा उपाय सोपा होता. "भाभीजी को थोड़े ही पता चलेगा, यार. चुटकी भर डाल लो."

"उसको सब पता चलता था," नाना म्हणाले आणि दोघंही हसले.

तो पाऊस मला पाऊस म्हणून आठवतच नाही. खोल्यांतून बांधलेल्या दोऱ्या, त्यांच्यावर न वाळलेले कपडे, गच्च लागलेल्या खिडक्या आणि बाल्कनीच्या जाळीमागे नानांची खुर्ची, एवढंच आठवतं. ते तिथे बसून समोरच्या रस्त्यावर साचलेलं पाणी बघत. दुपारी कारखान्याचा भोंगा ऐकू आला की आत येत. नोकरीत असल्यापासून त्यांचं जेवण भोंग्यावर. भोंगा झाला की पान वाढलेलं हवं. आता पान वाढलेलं असे, पण झाकलेलं. आई शाळेत शिकवायला गेलेली, बाबा जबलपूरला, मी फेरीवर. आमच्या कामाला दुपारच बरी पडते, कारण त्या वेळी म्हातारी माणसं घरात एकटी सापडतात.

त्यांचं स्टीलचं घड्याळ आधी मनगटावर घट्ट असे. श्रावणात ते सैल झालं. भाद्रपदात हात वर केला की घसरत कोपराकडे जाई आणि ते दुसऱ्या हाताने परत खाली ओढून आणत, बांगडी सारखी करावी तसं. जिना चढताना कठडा धरू लागले. खुर्चीतून उठताना दोन झोके घेऊ लागले. घरी येणारे म्हणत, "नाना, तेज आलंय हो चेहऱ्यावर." तेज! गालफडं बसली होती, म्हणून डोळे मोठे दिसत होते. मी हे बोलून दाखवलं की आई म्हणे, "पाहुण्यांसमोर नको." पाहुणे गेल्यावर म्हणे, "त्यांच्यासमोर नको." मग उरलं कोण? भिंत.

एका रविवारी आम्ही दोघं बाल्कनीत गवार निवडत बसलो होतो. मी नेहमीचं पालुपद लावलं होतं: स्नायू, प्रथिनं, पडणं, खुबा. नाना शेंगांची देठं मोडत ऐकत होते. मध्येच म्हणाले, "तुला माहितीये, ती चव न बघता करायची."

"माहितीये."

"मी रोज काही ना काही म्हणायचो. आज मीठ जास्त झालं. आज काहीच नाही, पाणी आहे नुसतं. रोज. ती म्हणायची, उद्या बघते. बघणार कशी? जीभच बांधलेली." देठ मोडायचं थांबलं. "चार घास खाऊन मी ताट सारायचो. तिला काहून मी एकदाही म्हटलं नाही, थांब, मी बघतो चव, मी सांगतो. काय जाणार होतं माझं?"

नाना एरवी आमच्यासारखंच बोलतात. 'काहून' हा शब्द नागपूरहून येताना मागे राहिला होता, तो फक्त अशा वेळी परत येतो.

मी पुढची शेंग उचलली. पत्रकात प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर छापलेलं असतं. मला वाटत होतं आपण एका अंधश्रद्धेशी लढतोय. ती असती तर मी जिंकले असते.

आश्विनात एक दिवस सकाळी मी उठून बाहेर आले तर नाना दाराशी स्टुलावर बसलेले. पायात कारखान्याचे जुने, जाडजूड बूट. अंगात इस्त्रीचा शर्ट, पण बटणं एकेक घर चुकलेली. मांडीवर रिकामा डबा.

"नाना, कुठे निघालात?"

"बस यायची वेळ झाली." माझ्याकडे बघून ते चिडले. "डबा भरला नाहीस अजून? पहिली पाळी आहे."

मी ज्या आवाजात आईला हाक मारली तो मला परत कधी काढता येणार नाही.

दवाखान्यात रक्त तपासलं. अंगातलं मीठ फार खाली गेलं होतं. तिथली डॉक्टर तरुण होती, माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. तिने गोळ्यांची पाकिटं मागवून घेतली, खुर्ची ओढून बसली आणि आईला विचारलं, "खाने में नमक?"

"बिल्कुल नहीं," आई म्हणाली. सवयीने त्यात थोडा अभिमान आलाच. मग तिलाच तो ऐकू गेला आणि ती रडायला लागली.

"बिल्कुल बंद करने को किसने कहा था?"

संध्याकाळी नाना शुद्धीत आले. कोण काय ते ओळखू लागले. वर टांगलेल्या बाटलीकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. "काय आहे त्यात?"

"मिठाचं पाणी," मी म्हणाले. जरा खुनशीपणानेच म्हणाले.

त्यांनी सुईचा हात बघितला, नळी बघितली. "तोंडातून नाही गेलं," ते म्हणाले. "नेम शाबूत आहे."

मला इतका राग आला की मी हसले. त्या वॉर्डात, त्या फिनेलच्या वासात, आम्ही दोघं हसत होतो आणि नर्स म्हणाली, "दादाजी को आराम करने दीजिए."

गोळी बदलली. घरी आल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेलं मीठ ते औषध म्हणून पाण्याबरोबर घेत. औषध म्हणजे जेवण नव्हे, त्यात त्यांना अडचण नव्हती. ताट मात्र कार्तिकीपर्यंत अळणीच राहिलं. दूध-भात-साखर. नेमाने माणूस जिवंत ठेवला आणि शरीर नेलं. दर दोन दिवसांनी मी कॅलेंडरकडे बघे. एकादशी हलत नाही. तुम्ही कितीही मोर्चे काढा.

कार्तिकी झाली. नेमाप्रमाणे सोडलेली वस्तू दान द्यायची, म्हणून आईने मिठाची पिशवी आणि दक्षिणा गुरुजींपुढे ठेवली. गुरुजी कसनुसे झाले. "ठेवतो, पण मलाही बंदच सांगितलंय हो."

"कमी सांगितलं असेल," मी जवळजवळ किंचाळले. "बंद नाही. कमी!"

मग नाना पानावर बसले. वरण, भात, वर तूप. आईने मीठ बेताने घातलं होतं. सगळे बघत होतो. नानांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, बराच वेळ तो तोंडात घोळवला. मला माईचा पेरू आठवला. त्यांनी डोळे उघडले.

"जास्त झालंय," ते म्हणाले. आणि मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी खाली बघितलं आणि सगळं वरण संपवलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. तशी ती नातेवाइकांच्या ग्रुपवर संपलीही, फोटोसकट. पण जे मांस गेलं ते एकादशीला परत येत नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, घड्याळ अजून सैलच आहे. मीठ परत आलं तरी भूक परत आली नाही. चार घास, आणि ताट पुढे सरकतं. झाकलेलं ताट संध्याकाळी मी उघडते तेव्हा त्यात दुपार तशीच असते, वर साय आलेली.

आणि यंदा कांदेनवमीला भजं मोडून बशीच्या कडेला ठेवत त्यांनी विचारलं, यंदा काय सोडू.

आई कढईकडे तोंड करून म्हणाली, "काही नको सोडायला. झालं ते पुरे झालं."

"असं कसं? चातुर्मास आहे."

मला ओरडायचं होतं. पत्रकं वाटून वाटून माझा आवाज असाच झालाय, घरातही सभा. पण गेल्या वर्षी ओरडून काय मिळालं? मी नानांच्या शेजारी बसले. "माई म्हणायची ना, आवडतंच सोडावं लागतं."

"हो. नावडतं सोडलं तर देव हसतो."

"मग तुम्हाला आता काय आवडतं?"

ते विचार करू लागले. खरंच विचार करत होते, हे दिसत होतं. आंबा म्हणतील, चहा म्हणतील, असं मला वाटलं. वर्माजींनी सुचवूनही टाकलं, "जलेबी बोल दो, सस्ते में छूटोगे." नाना हसले नाहीत.

"खरं सांगू का?" ते म्हणाले. "मला आता न जेवणंच आवडतं. ताट सारलं की बरं वाटतं."

झाऱ्यातून तेल गळत राहिलं. आईने गॅस बंद केला.

"मग तेच सोडा," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"ताट सारणं सोडा. चार महिने. वाटीभर घट्ट वरण, भोंगा झाला की, मीठ घातलेलं. पूर्ण संपवायचं. एक दिवस सारलंत तर नेम मोडला."

वर्माजींनी टाळी वाजवली. "खाने का व्रत! मैं भी रखूँगा. पकौड़े का."

नाना माझ्याकडे असे बघत होते जसे कधीकाळी ते एखाद्या नटबोल्टकडे बघत असतील, आटे बरोबर पडलेत का म्हणून. त्यांना त्यात खोट सापडत नव्हती. नेमाच्याच पोलादाचं होतं ते. आणि मला, खोटं कशाला सांगू, जिंकल्यासारखं वाटलं. क्षणभरच.

"ठीक," ते म्हणाले. "पण नेम एकटा करत नाही मी. गेल्या वर्षी एकटा केला, बघितलंस काय झालं. तूही तुझं आवडतं सोड."

"काय?"

"दुपारची फेरी. भोंगा झाला की तू माझ्यासमोर. तेच वरण, तेवढीच वाटी. चार महिने. तू चुकलीस तर माझाही मोडला."

मी आईकडे बघितलं. आई पाठमोरी होती, पण तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय कोण जाणे.

चातुर्मास सुरू झालाय. मी गटात सांगितलं, दुपारी जमणार नाही. तिथे सगळे हसले; मग एकाने विचारलं, बाग सेवनियाच्या त्या जोडप्याकडे कोण जाणार, टोस्ट खाऊन राहणाऱ्या? मी म्हणाले, सकाळी जाईन. सकाळी ते झोपलेले असतात. मला माहीत आहे.

दुपारी मी भिजत घरी येते. स्कूटी लावते, हात धुते, वरण गरम करते. जाळीबाहेर पाणी पडत असतं, दोरीवर कपडे लोंबत असतात. फोन वाजत असतो. कुठे सभा, कुठे छापखाना, कुठे कुणाची आई पडली. मी तो पालथा घालते. भोंगा वाजतो. नाना बाल्कनीतून येतात, घड्याळ खाली ओढत, आणि समोर बसतात.

ते लगेच खात नाहीत. चमचा भरून आधी माझ्याकडे करतात.

"चव बघ," म्हणतात. "मीठ बरोबर आहे का ते सांग. मग मी खातो."

मी बघते. आज जरा कमीच होतं.

"बरोबर आहे," मी सांगते, आणि ते वाटी जवळ ओढतात.